कडब्याच्या गंजीतला रोही

खळ्याचे दिवस आले, की मला अकोल्यात राहवत नाही. कोर्टाच्या तारखा पुढे ढकलतो, बायकोला पटेल असं एखादं कारण सांगतो, तिला ते पटत नाही, आणि मी गावी जातो. खळ्याच्या कडेला जाऊन उभा राहतो. बैलांच्या पायांखाली ज्वारीची कणसं चुरत असतात, उन्हात सोनेरी भुसा तरंगत असतो. तो नाकात गेला, की मी अशी शिंक देतो की पातीतला, म्हणजे गोल फिरणाऱ्या रांगेतला, शेवटचा बैल चालता चालता मान वळवून पाहतो. लोकांना अत्तर लागतं. माझा हिवाळा शिंकेने सुरू होतो.

यंदाही आठवडाभर मनसोक्त शिंकलो आणि परत निघालो. जऊळक्याला गाडी पकडायची, त्याआधी शिरपुरात गूळ घ्यायचा, असा बेत. मंदिराच्या वाटेवरच्या दुकानात शेठजी गूळ जोखत होते आणि मी रिकामा उभा राहून त्यांच्या गल्ल्याच्या पेटीकडे बघत होतो. पेटीचा एक पाय तोकडा होता. त्याखाली एक पुस्तक सारलेलं होतं. निळ्या पुठ्ठ्यावर छापलेल्या एका कासवाची पाठ तेवढी बाहेर आली होती. नुसती पाठ. पण मी ती ओळखली. बालपणीचा मित्र पाठमोरा जरी दिसला तरी आपण हाक मारतोच.

"शेठजी, ते पुस्तक मला द्या."

"पुस्तक नाही जी, पाय हाये थो," शेठजी म्हणाले. "तुमाले देला तं पेटी लंगडी होईन ना."

मी बाहेर गेलो, मंदिराच्या कुंपणाजवळ पडलेली एक वीट उचलून आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली. शेठजींनी वीट पालथी करून पाहिली, पायाखाली बसवून पाहिली, पेटी हलवून पाहिली. मान डोलावली. एक वीट देऊन मी एक कादंबरी घेतली. शेठजींच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं, की या सौद्यात मीच फसलो आहे.

पुस्तकाचं पहिलं पान गेलेलं, लिहिणाऱ्याचं नाव उंदरांनी नेलेलं. तसंही आमच्या घरात त्याला नाव नव्हतंच. सगळे नुसतं 'पुस्तक' म्हणत. एका रानातलं तळं आटतं आणि चार जनावरं न आटणाऱ्या झऱ्याच्या शोधात निघतात, अशी गोष्ट. एक कासव, एक सायाळ, एक भांडखोर टिटवी, आणि या सगळ्यांचा पुढारी म्हणजे रोही.

रोही म्हणजे शहरातले लोक ज्याला नीलगाय म्हणतात ते जनावर. घोड्याएवढं उंच, मागून उतरतं, चेहऱ्यावर सदा नुकतीच वाईट बातमी कळल्याचा भाव. दिसायला असं गरीब, पण कळपाने हरभऱ्यात शिरलं की सकाळी वावरात फक्त खुरांचे ठसे उरतात. असा हा आमचा नायक. त्याच्यासाठी मी लहानपणी जीव टाकला होता.

जऊळक्याच्या स्टेशनावर बाकावर बसलो. रुमालात उकडलेल्या तुरीच्या शेंगा होत्या. एक शेंग सोलावी, एक पान वाचावं, असा थाट मांडला. आणि उरलेल्या पहिल्याच पानावर ठेच लागली. छापलं होतं: 'रोहित नामक एक तेजस्वी हरिण.'

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. रोहित. हरिण. रोही कुठेच नव्हता. आणि मग मला बैलांच्या गळ्यातली घुंगरं ऐकू आली आणि मी एकटाच, भर फलाटावर, मोठ्याने हसलो.

कारण तो 'त' कुठे गेला, ते मला आठवलं.

त्या वर्षी मला शाळेतून काढून खळ्यावर आणलं होतं, कारण माणसं कमी होती आणि मी शाळेत करत होतो त्यापेक्षा बैलांमागे चालणं उपयोगाचं, असं आबाजींचं मत. आबाजी म्हणजे माझे आजोबा. खळ्याच्या मधोमध तिवड्याचा खांब, त्याला जोडलेली बैलांची पात, बैलांच्या तोंडाला मुसक्या, आणि पातीमागे गोल गोल फिरणारे आम्ही दोघं, मी आणि गणुजी. गणुजी आमचा सालदार. दिवसा पात हाकायचा, पहाटे आणि संध्याकाळी हरभरा राखायचा. त्याची गोफण अशी फिरे, की दगड सुटायच्या आत पाखरं उडून जात. रोह्याचं नाव निघालं की तो आधी थुंके आणि मग बोले.

दुपारी भाकरी घेऊन धाकटी काकू येई. ती वाशीमच्या एका मास्तरांची मुलगी, नुकतीच लग्न होऊन आलेली. सासऱ्यांसमोर सुनेने बसायचं नाही, आणि जेवणं होऊन टोपली रिकामी झाल्याशिवाय परत जायचं नाही. मग ती जाऊन कडब्याच्या गंजीमागे सावलीला बसे. एका दुपारी आम्ही ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या सोल्यांची भाजी खाऊन पेंगत पेंगत फिरत होतो. आबाजी पागोट्याचा शेव डोळ्यांवर घेऊन पडले होते. तेवढ्यात कडब्याची गंजी बोलू लागली.

गणुजी जागच्या जागी थबकला. "बाबू, गंजीत कोनी हाये."

गंजी म्हणाली, "अहाहा, काय हे विस्तीर्ण सरोवर, आणि काय ही त्याची शोभा."

"मालक," गणुजीने आबाजींना हलवलं, "गंजी बोलून राह्यली."

"सूनबाई हाये ते," आबाजी डोळे न उघडता म्हणाले. "पुस्तक वाचून राह्यली. सूनबाई, मनात नाही का वाचता येत तुले?"

"मोठ्यानं वाचल्याबिगर समजत नाही, मामाजी," गंजी म्हणाली. हे साफ खोटं होतं. काकूला मनात वाचता येत होतं, पण मनात वाचून तिला कंटाळा आला होता. त्या घरात तिच्याशी बोलायला तोवर फक्त मीच होतो, आणि मलाही बैलांना देऊन टाकलं होतं.

आबाजींनी विचार केला. "मंग मोठ्यानंच वाच. हे झोपाळू तरी जागे राहतीन. पन एक सांगतो. पात थांबली का पुस्तक बंद. पेटीत."

असं आमचं पुस्तक सुरू झालं. आणि थोड्याच वेळात बंद पडायची पाळी आली.

पहिली तक्रार गणुजीची. "हे अहाहा कोन म्हनून राह्यलं, बाई? कासव का?"

"नाही. पुस्तक लिहिनारा."

"त्याले सांगा, मधात बोलू नको म्हना."

काकूने तेवढं सांगितलं असावं, कारण अहाहा जरा कमी झाले. मग ती वाचू लागली, की रोहित पुढे झाला आणि म्हणाला. पण तेवढ्यात पात तिच्या बाजूला आली होती, बैलांची घुंगरं वाजत होती, आणि त्यांच्या आवाजात तो शेवटचा 'त' हरवला.

गणुजीने कासरा ओढला. "कोन म्हनाला?"

"रोही," मी म्हणालो. मीही तेच ऐकलं होतं.

"रोही? अन थो या साऱ्याइचा म्होरक्या?" गणुजी थुंकला. "त्याच्यापरीस लांडगा करा म्हना म्होरक्या. मी जलमभर त्याले दगडं मारून राह्यलो, अन तुमी त्याले पुस्तकात घालून राह्यले."

पात उभी. घुंगरं गप्प. आबाजींनी डोळ्यांवरचा शेव बाजूला केला. मी गंजीकडे पाहत होतो. आज मला कळतं, की काकूला एक 'त' परत आणायला किती वेळ लागला असता. पण तेवढ्या वेळात आबाजी उठून बसले असते.

"गणुजी, पात हाका," गंजी म्हणाली. "रोहीच हाये थो. पन हा हरभरा खात नाही."

"हरभरा नाही खात, थो रोही कायचा?"

"तेच तं लिहिलं हाये पुस्तकात. पात हाका, मंग समजते."

पात हलली. आबाजींनी शेव पुन्हा डोळ्यांवर ओढला. एवढ्या मोठ्या जनावराचा जन्म असा, एका चुकीच्या ऐकण्यातून आणि एका घाईच्या होकारातून झालेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

त्या दिवसांची चव अजून जिभेवर आहे. उन्हात तापलेल्या कणसांचा गोडसर वास, मडक्यातलं पाणी, मानेवर चिकटलेला भुसा, आणि गंजीमागून दोन प्रकारची सळसळ. एक कडब्याची, तिला अर्थ नाही. दुसरी पान उलटल्याची. ती ऐकली, की गणुजी पाऊल उचलायचा आणि बैलही उचलायचे. मी शपथेवर सांगायला तयार आहे, आणि माझ्या धंद्यात शपथेची किंमत मला ठाऊक आहे.

एक दुपार मात्र वेगळी होती. पान उलटल्याचा आवाज आला आणि मग काहीच आलं नाही. पात एक फेरा फिरली. गंजी गप्प.

"बाई, घसा कोरडा पडला का? पानी देऊ?" गणुजीने विचारलं.

"नाही. अक्षर पुसट हाये इथं."

"मंग रोह्याचं काय झालं थे तं सांगा. झाडीत आवाज झाला म्हने, थो कायचा होता?"

पुन्हा एक फेरा. गणुजीची मान गंजीकडे वळलेली. ज्याने जन्मभर दगड मारले, तो आता बोट तोंडात घालायचा बाकी होता.

"वाऱ्याचा," गंजी म्हणाली. "वाऱ्याचा आवाज होता थो. रोह्यानं कान टवकारले, अन पुढं निघाला."

गणुजीने श्वास सोडला. त्यानंतर गोष्ट काय पळाली म्हणता. अहाहा तर औषधालाही उरले नाहीत. पुस्तकाने आपली पुणेरी पगडी उतरवून ठेवली आणि ते आमच्यासारखं बोलू लागलं. नदीकाठी पळस आला, टेंभुर्णी आली, पैनगंगेसारखी वाळू आली. रोह्याने कासवाला पाठीवर घेतलं, सायाळीने वाटेत काट्यांच्या खुणा सोडल्या, टिटवीने सगळ्यांना तीनदा चुकीच्या दिशेला नेलं आणि प्रत्येक वेळी दोष कासवाला दिला. मला वाटलं, लिहिणाऱ्याचा आता हात बसला. पहिली पानं लिहून लिहून सुधारला बिचारा.

आणि इकडे आमच्या हरभऱ्याचं काय होत होतं, ते एका सकाळी आबाजींनी जाऊन पाहिलं.

ते खळ्यावर आले ते चपला आपटत. हातात हरभऱ्याची खुडलेली झुडपं. "गणू, गोफन कुठी हाये?"

"बाभयीले टांगली, मालक."

"काहून?"

गणुजी बैलांच्या आड सरकला. "हात नाही उठत, मालक. काल थो धुऱ्यावर येऊन उभा राह्यला. माह्याकडं पाहे. मी म्हनलं, मारू कसा? त्याले अजून नदी पार कराची हाये."

खळ्यावर कोणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, म्हणूनच कोणी हसलं नाही. वावराचा एक कोपरा साफ झाला होता. आबाजी गंजीकडे वळले. सुनेशी ते कधी समोरासमोर बोलत नसत, त्यामुळे सगळं त्यांनी कडब्यालाच सुनावलं.

"सूनबाई, त्या रोह्याले जिथं पोचवाचं तिथं आज पोचव. दिवस बुडाच्या आत. त्याच्यावर पुस्तक पेटीत, अन पेटीले कुलूप. अन गणू, उद्या तुह्या हातात गोफन नाही दिसली, तं दुसऱ्या गावी साल पाह्य."

मी पातीमागे चालत राहिलो. गणुजी गेला तर खळं कसलं? आणि पुस्तक कुलपात गेलं, तर गंजीमागे एक मुकी सून तेवढी उरणार होती, टोपली रिकामी व्हायची वाट बघत. पुस्तकात रोही मेला असता तर आबाजी खूष झाले असते. जिवंत राहिला असता तर गणुजीचा हात उठणार नव्हता. त्या दुपारी गंजीतून आवाज यायला उशीर झाला. पण आला तो ठणठणीत.

रोह्याने नदी पार केली. पलीकडच्या टेकडीच्या कुशीत झरा होता. झऱ्याच्या तोंडाशी एक म्हातारी घोरपड बसली होती. ती म्हणाली, पाणी पी, पण आधी वचन दे. जिथं मानसाचा घाम पडला, तिथं तोंड घालाचं नाही.

"मंग?" गणुजी म्हणाला. पात फिरत होती. तो ती थांबू देत नव्हता.

"मंग रोही म्हनाला, देलं वचन. अन माह्या जातीतला जो हे वचन मोडीन, थो रोही नाही. थो नुसता चोट्टा. त्याले खुशाल दगड मारा, मी काही म्हननार नाही."

गणुजीने एक अख्खा फेरा नुसते बैल हाकले. मग हळूच म्हणाला, "म्हंजे आपल्या वावरात येतात थे?"

"थे चोट्टे, गणुजी."

"तरी मी म्हनलं," गणुजी म्हणाला, "कालच्याचं तोंड काही जमून नाही राह्यलं."

कासरा माझ्या हातात देऊन तो थेट बाभळीकडे गेला आणि गोफण काढून कमरेला खोचून आला. आबाजींनी ते पाहिलं. खोकले. पागोटं नीट केलं. पुस्तक पेटीत जायची वेळ झाली होती आणि दिवस टेकडीवर आला होता. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

"सूनबाई," ते गंजीला म्हणाले, "कासव कुठी राह्यलं?"

गंजी दचकली असावी. कडबा सळसळला.

"रोह्याच्या पाठीवर होतं ना थे. झऱ्यावर उतरलं का नाही? तू तं काही सांगतलं नाही."

"उद्या सांगते, मामाजी."

"सांग. खयं अजून उरकलं नाही."

म्हणजे शेवाखाली ते डोळे मिटून झोपलेले नव्हते. एकही दुपार नव्हते. पेटीला कुलूप लागलं नाही. पुढच्या हिवाळ्यात त्यांनीच घरी, चुलीकडे पाठ करून, भिंतीला विचारलं, की यंदा काही हाये का वाचाले. काकूची ती प्रत नंतर वाळवीने खाल्ली, पण तोवर काकूला गावात सगळे पुस्तकवाली बाई म्हणू लागले होते. गणुजीने पुढे पुष्कळ रोह्यांना दगड मारले. फक्त एखादा धुऱ्यावर, वावराच्या बांधावरच थांबला, आत शिरला नाही, तर तो गोफण खाली करायचा आणि आम्हाला सांगायचा, "हा आपला."

जऊळक्याच्या बाकावर हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून जात होतं आणि बोटं पानं उलटत होती. तिसरा अध्याय आला. झाडीत आवाज झाला. मी शेंग तोंडाशी नेली. पुढे छापलं होतं, की शिकाऱ्याचा बाण सुटला आणि तो तेजस्वी रोहित तत्क्षणी गतप्राण झाला.

शेंग खाली पडली. मी पान उलटलं, पुढचं उलटलं, शेवटापर्यंत गेलो. रोहित कुठेही परत आला नाही. नदी नव्हती. घोरपड नव्हती. वचन नव्हतं. पुढे सगळं सिंहाच्या दरबारातलं भाषण होतं, आणि शेवटी कासव एकटंच कुठल्याशा झऱ्यावर पोचतं आणि धीर धरण्यावर व्याख्यान देतं.

तर तो फेरा हा होता. ती गप्प झालेली गंजी, ते पुसट अक्षर. या पानावर काकू थांबली होती, आणि पलीकडून गणुजी विचारत होता, आवाज कशाचा होता. तिथून पुढे पुस्तकाने एक शब्द सांगितला नव्हता. तिथून पुढे सगळी काकू होती. नदी काकू, पळस काकू, घोरपडही काकूच. आणि रोज दुपारी, मरून पडलेल्या पुस्तकाची पानं ती एकामागून एक उलटत होती.

मला इतका आनंद झाला, की मी उभा राहिलो. समोरून गाडी निघून चालली होती, ती मला वाटतं तेव्हाच दिसली.

स्टेशनमास्तर हिरवं निशाण गुंडाळत आले. "अहो वकीलसाहेब, गाडी गेली ना तुमची."

"जाऊ द्या," मी म्हणालो. "रोहित गेला."

त्यांनी टोपी काढली. "अरेरे. कोण होते तुमचे?"

"घरचाच होता. पण आता पाहतो तर जिवंत आहे," मी म्हणालो आणि बाहेर जाऊन परत गावाकडे बैलबंडी ठरवली. स्टेशनमास्तर टोपी हातात धरून बराच वेळ माझ्याकडे पाहत होते.

सकाळी पाया पडून निघालेला पुतण्या उन्हं कलायच्या आत परत दारात बघून काकू उठून उभी राहिली. केस पांढरे झाले आहेत, पण आवाज तोच, गंजीतला. नाटकात करतात तसं पुस्तक पदराआडून, म्हणजे कोटाआडून, काढलं आणि तिसरा अध्याय उघडून तिच्यापुढे धरला.

तिने एकदा पाहिलं. ओळ शोधावी लागली नाही तिला.

"काकू," मी म्हणालो, "अगं, हा तर इथंच मे..."

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोल. गणुजी आंगनात हाये."

मी दारातून पाहिलं. भिंतीला टेकून गणुजी उन्हात बसला होता. डोळ्यांत आता पांढरं आलंय, चार हातांवरचं माणूस त्याला आवाजाने ओळखावं लागतं. पुढ्यात तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप, बोटं आपोआप सोलत होती.

"बाबू परत आला का?" तो म्हणाला. "अन हे काय घेऊन आला? जुन्या कागदाचा वास येऊन राह्यला."

मी काकूकडे पाहिलं. काकू माझ्याकडे पाहत होती. त्या नजरेत सगळं होतं, आज्ञा आणि विनंती दोन्ही.

"पुस्तक आहे, गणुजी. आपलंच."

शेंग सोलणारी बोटं थांबली. "तेच? वाच मंग. रोही नदीवर आला तिथून वाच."

मी त्याच्याजवळ जमिनीवर बसलो. पुस्तक उघडलं. समोरच्या पानावर सिंहाचं भाषण होतं. मी घसा साफ केला आणि त्या भाषणावर डोळे रोवून वाचू लागलो, की नदीत पाणी नव्हतं, नुसती वाळू होती, आणि वाळू तापली होती, आणि रोह्याच्या पाठीवर कासव होतं. कोर्टात मी पुष्कळ बोललो आहे, पण असा रंगलो नव्हतो. सायाळ आणली, टिटवी आणली, टिटवीला भांडायला लावलं. काकू दाराच्या आत, मला दिसणार नाही अशी, उभी होती. रोही वाळूतून चालला, चालला, अर्ध्या नदीपर्यंत आला, आणि गणुजीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पान पलटवत जा, बाबू," तो म्हणाला. "बाई पलटवत होत्या."